एकावन्न निरोगी सुवासिनी

उज्जैनच्या मराठी सुवासिनी मंडळाच्या कार्यकारिणीने ठराव क्रमांक सात एकमताने मंजूर केला. ठराव असा, की येत्या शनिवारी मंडळाच्या विद्यमाने महिलांच्या ज्या अवयवाची तपासणी व्हायची आहे, त्या अवयवाचे नाव निमंत्रणपत्रिकेत, फलकावर, भाषणात किंवा इतिवृत्तात कोठेही येऊ नये. सूचक बापू सरवटे, अनुमोदक जयूताई मुंगी. विनोदिनी शिंत्रेने हात वर केला होता. पण तो पंखा कमी करा असे सांगण्यासाठी असावा, असे समजून पुढचा विषय घेण्यात आला.

बापू सरवटे हे सुवासिनी मंडळाचे मार्गदर्शक. सुवासिनी मंडळाला पुरुष मार्गदर्शक का, असा प्रश्न गेल्या सव्वीस वर्षांत कोणी विचारलेला नाही, कारण प्रश्न विचारण्याचा अर्ज बापूंकडेच द्यावा लागतो. त्यांचे पूर्वज शिंदे दरबारात दफ्तर सांभाळत. तेव्हापासून या घराण्यात जे कागदावर नाही ते घडले असे कोणी मानत नाही. स्वतः बापू कोषालयातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी फ्रीगंज भागातल्या मराठी समाजाच्या कार्यालयात येऊन बसले. जयूताई या मंडळाच्या अध्यक्षा. सह्या त्यांच्या असत.

झाले होते ते असे. इंदूरच्या एका आरोग्यसंस्थेकडे मॅमोग्राफीची गाडी होती. स्तनांचा क्ष-किरण फोटो काढून, हाताला लागण्याआधीच गाठ दाखवून देणारे यंत्र त्या गाडीत बसवले होते. गाडी दिवसभर समाजाच्या सभागृहासमोर उभी राहील आणि चाळिशीपुढच्या महिलांची तपासणी मोफत करील, असे संस्थेने कळवले. शेजारच्या एका समाजाने वर्षभरात दोन नेत्रशिबिरे घेऊन पेपरात फोटो छापून आणले होते. बापूंनी पत्र पूर्ण वाचण्याआधीच होकार कळवला. मग पत्र पूर्ण वाचले, आणि ठराव क्रमांक सातची गरज निर्माण झाली.

विनोदिनी मात्र ते पत्र तीनदा वाचून बसली होती. ती त्रेपन्न वर्षांची, फ्रीगंजातल्या एका बँकेत नोकरीला, राहायला नानाखेड्याच्या कॉलनीत. मराठी टायपिंग येणारी मंडळातली ती एकटीच, त्यामुळे सगळी पत्रे तिच्या हातून जात. तीन आठवड्यांपूर्वी आंघोळ करताना तिच्या डाव्या स्तनात हरभऱ्याएवढे काहीतरी हाताला लागले होते. दुखत नव्हते. हलतही नव्हते. तिने ते नवऱ्याला सांगितले नाही, मुलीला सांगितले नाही, आणि दिवसा स्वतःलाही फारसे सांगितले नाही. डॉक्टरकडे एकटीने जावे, तर दवाखान्याच्या पायरीवर कोणी ना कोणी ओळखीचे भेटणार आणि "तू इकडे कशी?" म्हणून विचारणार. शिबिरात मात्र सगळ्याच जाणार. तिथे कोणी विचारणार नाही. तिला हे शिबिर फार हवे होते.

पत्राबरोबर संस्थेने सूचनांचा एक कागद जोडला होता. तो निमंत्रणात छापायचा होता. विनोदिनी संगणकासमोर बसली, बापू तिच्या मागे उभे राहिले.

"तपासणीच्या दिवशी स्तनांवर व काखेत पावडर, डिओडरंट, अत्तर किंवा क्रीम लावू नये," विनोदिनीने वाचले. "पावडरीचे कण फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसतात व रोगाची शंका येते."

"पहिला शब्द काढ," बापू म्हणाले.

"तपासणीच्या दिवशी?"

"त्याच्या पुढचा. ठरावाची कॉपी देऊ का तुला?"

तिने शब्द काढला.

"काख पण काढ. काख कोणी निमंत्रणात छापतं का? पूजेला बोलावून राहिलो आपण."

पूजा नव्हती, पण हळदीकुंकू होते. नुसत्या तपासणीला बायका येणार नाहीत, आल्या तर घरचे पाठवणार नाहीत, म्हणून तपासणीला हळदीकुंकवाची जोड देण्यात आली होती. विनोदिनीने काख काढली. पडद्यावर उरले ते असे: तपासणीच्या दिवशी व पावडर, डिओडरंट, अत्तर किंवा क्रीम लावू नये.

जयूताईंनी चष्मा वर करून ते वाचले. "हे तर बिल्कुलच बरं नाही दिसत हं. हळदीकुंकवाला बोलवायचं न वरून सांगायचं, पावडर नका लावू? बायका म्हणतील, आमच्या तोंडाची इतकी काय परेशानी आहे तुम्हाला?"

"पण ताई, फिल्म खराब होईल नं," विनोदिनी म्हणाली.

"फिल्म त्यांची, निमंत्रण आपलं," बापू म्हणाले. "पूर्ण ओळच काढ."

तिने पूर्ण ओळ काढली. काढताना तिला स्वतःची चीड आली, पण बोट दाबायचे ते दाबलेच. घरी जाऊन तिने मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिले, "शनिवारी येताना कृपया अंगाला पावडर लावू नये." जयूताई ग्रुपच्या अॅडमिन. पाच मिनिटांत तो संदेश दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी गुलाबाचे फूल आले. विनोदिनीने पुन्हा काही लिहिले नाही.

हळदीकुंकू म्हटल्यावर दुसरा पेच आला. विनोदिनीच्या खालच्या मजल्यावर वासंतीकाकू राहत. निवृत्त शिक्षिका, अडुसष्ट वर्षांच्या, नवरा जाऊन नऊ वर्षे झालेली. त्यांनी बापूंना फोन लावला.

"काय रे बापू, रोगानं पण सुवासिनींचीच यादी काढली आहे का?"

बापू कागदपत्राच्या बाबतीत न्यायी होते. त्यांनी ठराव क्रमांक आठ केला: सुवासिनी नसलेल्या भगिनींची तपासणी दुपारी चारनंतर, मागील दाराने, हळदीकुंकवाविना करण्यात यावी. गाडी पावणेचारला परत निघणार होती. हे बापूंना माहीत होते. पण गाडीची वेळ हा संस्थेचा विषय होता, समाजाचा नव्हे.

संख्याही ठरली. संस्थेने पन्नासपर्यंत जमेल असे लिहिले होते. पन्नास हा आकडा शुभ नाही, म्हणून एकावन्न नक्की झाले. शिबिराच्या अर्जात एक प्रश्न होता: "सध्या काही तक्रार आहे का?" त्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते की, तक्रार असणाऱ्या महिलांनी शिबिरात न येता थेट रुग्णालयात दाखवावे. म्हणणे बरोबरच होते. विनोदिनीने पेन हातात धरून ती बारीक अक्षरे दोनदा वाचली, रुग्णालयाची पायरी डोळ्यांपुढे आणली, आणि "नाही" वर खूण केली. अर्जाच्या तळाशी कुटुंबप्रमुखाची संमती ही ओळ बापूंनी स्वतःहून वाढवली होती. आल्हाद शिंत्रे, म्हणजे विनोदिनीचा नवरा, वीज मंडळातून निवृत्त झालेला. समोर आलेल्या कागदावर सही करायची त्याला सवय होती.

"कशाचं आहे गं?" सही झाल्यावर त्याने विचारले.

"मंडळाचं," ती म्हणाली.

शनिवारी सभागृहावर फलक लागला: "महिलांची विशेष तपासणी". तिघी चष्मे पुसून आल्या. एक आजी गुडघ्याचा जुना एक्स-रे घेऊन आल्या आणि हा दाखवला तर चालेल का, असे सगळ्यांना विचारत फिरल्या. बाकीच्यांना कानोकानी कळलेले होते. आत एक अनोळखी मुलगी असणार आणि तिच्यासमोर पदर काढावा लागणार, हेही कळलेले होते. त्यामुळे प्रत्येकीने घरून निघताना नेहमीपेक्षा दुप्पट पावडर, आणि जिथे कधी लावत नाहीत तिथेही, सढळ हाताने लावली होती. जिने नव्हती लावली, तिची सोय जयूताईंनी प्रसाधनगृहात डबा ठेवून केली होती. दारात हळदीकुंकू, अत्तर, गुलाबपाणी. सभागृह लग्नघरासारखे घमघमत होते.

गाडीत निहारिका नावाची इंदूरची तंत्रज्ञ होती. सकाळी आठपासून ती बायकांना यंत्रापुढे उभी करत होती, "श्वास रोका, हलू नका, बस, झालं," म्हणत होती आणि दर वेळी पडद्याकडे पाहून कपाळाला हात लावत होती. तिने दोनदा खाली उतरून जयूताईंना सांगितले की, पावडर पुसायला ओले कापड ठेवा. कुंकू लावल्यावर लगेच अंग पुसणे अशुभ, असे तिला समजावण्यात आले. मागे रांग वाढत होती, गाडीची निघायची वेळ ठरलेली होती. निहारिकाने फिल्मा काढायचे चालू ठेवले.

सदतिसाव्या क्रमांकाला विनोदिनी आत गेली. दोन पट्ट्यांमध्ये दाब बसला, दुखले, आणि संपले. निहारिका पडद्याकडे पाहत राहिली.

"काकू, तुम्ही पावडर नाही लावली?"

"नाही."

"सकाळपासून तुम्ही पहिल्याच." तिने पुन्हा पडद्याकडे पाहिले. "रिपोर्ट मी नाही सांगू शकत. तो डॉक्टर देतात. पण रिपोर्ट घ्याच हं काकू. विसरू नका."

विनोदिनीने कुंकू लावून घेतले, वाटीतला पेढा घेतला आणि घरी आली. त्या दिवशी तिने स्वयंपाकात दोनदा मीठ घातले. आल्हादने ताक घेऊन जेवण उरकले. पावणेचारला गाडी निघून गेली होती. चारला मागच्या दाराशी उभ्या असलेल्या वासंतीकाकूंना रखवालदाराने सांगितले की, शिबिर खूपच यशस्वी झाले.

आठ दिवसांनी अहवाल आला. एका मोठ्या लिफाफ्यात एक पत्र होते आणि एक परिशिष्ट. पत्र बापूंनी वाचले. परिशिष्ट त्यांनी वाचले नाही, कारण त्यात एकावन्न सुवासिनींच्या त्या अवयवाची नावानिशी माहिती होती आणि परपुरुषाने ती वाचणे सभ्यतेला धरून नव्हते. त्यांनी डोळे दुसरीकडे करून परिशिष्ट लिफाफ्यात सरकवले, लाख लावली आणि लिफाफा लोखंडी कपाटात ठेवून किल्ली जानव्याला बांधली. जयूताईंना द्यावा, तर एका बाईच्या हाती पन्नास जणींची गुपिते दिल्यासारखे होणार.

विनोदिनी बँकेतून सुटून कार्यालयात आली. "बापू, माझा रिपोर्ट पाहिजे."

"रिपोर्ट गोपनीय आहेत."

"माझाच आहे नं पण."

"म्हणूनच तर. तुझ्या वरती छत्तीस जणी न खाली चौदा जणी आहेत त्याच यादीत. तुझं पाहायला उघडलं की त्यांचं पण उघडं पडलं. तू असं कर, बाकी पन्नास जणींची ना-हरकत लिहून घेऊन ये."

"पत्रात काय आहे, ते तर सांगा."

बापूंनी पत्र पुढे केले. पत्रात तो शब्द एकदाच आला होता आणि तो त्यांनी काळ्या शाईने झाकला होता. बाकीचे दिसत होते: एकावन्नपैकी पन्नास जणींच्या फिल्मांवर पांढरे ठिपके आहेत, बहुधा पावडरीचे असावेत, परंतु खात्री होत नाही, सबब त्या सर्वांची फिल्म पुन्हा काढावी, उर्वरित एकीस तातडीने पुढील तपासणीसाठी पाठवावे, नावे परिशिष्टात.

विनोदिनीने पत्र दोनदा वाचले. ती खुर्चीवर बसली.

"ती एक मी आहे, बापू. मी पावडर नव्हती लावली."

"याचा पुरावा?"

"पावडर न लावल्याचा काय पुरावा असतो?"

"तेच म्हणतो मी," बापू समजुतीने म्हणाले. "टेन्शन नको घेऊस. एकावन्नच्या एकावन्न बायका आजारी, असं कधी होतं का? बाहेर कळलं तर समाजाचं नाव जाईल, मुलींची लग्नं अटकतील. सगळी पावडरीची करामत आहे. मी सरकारच्या आरोग्य पोर्टलवर सगळ्यांना निरोगी भरून दिलं आहे. प्रमाणपत्रं पण आधीच छापून, फ्रेम होऊन आली. वाटायला येणाऱ्या पाहुण्यांनी गुरुवारची तारीख दिली आहे."

दुसऱ्या दिवशी ती अर्धी रजा टाकून शहरातल्या एका रुग्णालयात गेली. पायरीवर ओळखीचे कोणी भेटले नाही, म्हणजे इतके दिवस ती ज्याला भीत होती ते घडलेच नाही. खिडकीवरच्या माणसाने त्याच पोर्टलवर तिचा मोबाइल नंबर घातला.

"आप तो निरोगी हैं," तो म्हणाला.

"पण मला गाठ आहे."

"फॉर्म में तो लिखा है कोई शिकायत नहीं. आपने गलत जानकारी दी थी क्या? फिर तो सुधार का आवेदन लगेगा. आयोजक के साइन करवा के लाइए."

आयोजक म्हणजे बापू. विनोदिनी तिथून निघाली ती सरळ बँकेत येऊन बसली आणि पाच वाजेपर्यंत लोकांच्या पासबुकांवर शिक्के मारत राहिली. थेट इंदूरला जाता आले असते. पण नवऱ्याला सांगावे लागले असते, आणि लिफाफा बंद आहे तोवर आपल्याला काहीच झालेले नाही, असेही तिच्या मनात कुठेतरी होते. बापूंचा तिला राग येत होता, आणि लाख लावली तेही बरेच झाले असे वाटत होते. दोन्ही खरे होते. असल्या कामात बापूंना मदतनीस शोधावे लागत नाहीत.

गुरुवारी सकाळी सभागृह भरले. पुढे सुवासिनी, मागे कुटुंबप्रमुख. शेवटच्या रांगेत वासंतीकाकू निमंत्रण नसताना येऊन बसल्या होत्या. मंचावर एकावन्न प्रमाणपत्रे सोनेरी चौकटीत रचून ठेवली होती: "प्रमाणित करण्यात येते की, सौ. अमुक या संपूर्ण निरोगी आहेत." पाहुण्यांनी नारीशक्तीवर भाषण केले. त्यात नारी होती, शक्ती होती. आजाराचा उल्लेख त्यांनी कटाक्षाने टाळला.

"सौ. विनोदिनी आल्हाद शिंत्रे," जयूताईंनी पुकारले.

विनोदिनी मंचावर गेली. पाहुण्यांनी चौकट पुढे केली. तिने ती घेतली नाही. तिने जयूताईंच्या हातातला माइक घेतला.

"माझ्या डाव्या स्तनात गाठ आहे," ती म्हणाली.

ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्या माणसाने त्या शब्दाला दचकून आवाज कमी केला. ती थांबली नाही, तिने आवाज चढवला.

"दीड महिना झाला. मी भ्यायले, म्हणून घरी पण नाही सांगितलं. बापूंच्या कपाटात लिफाफा आहे. त्यात लिहिलंय, सगळ्यांनी परत फिल्म काढा, न एकीला ताबडतोब पाठवा. ती एक बहुतेक मी आहे. पण तुम्ही पन्नास जणी पण परत जा. ठिपके पावडरीचे आहेत का अजून कशाचे, ते कोणाला माहीत नाही. न जाताना पावडर नका लावू. स्तनांवर नका, काखेत नका. ही ओळ मी टाइप केली होती न मीच पुसली. माझी चूक झाली."

 पाहुण्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. बापूंनी इतिवृत्ताच्या वहीत नोंद केली: सौ. शिंत्रे यांनी एका विशिष्ट भागाविषयी मनोगत व्यक्त केले.

मागच्या रांगेतून आल्हाद उठला. खुर्च्यांमधून वाट काढत, लोकांच्या पायांवर पाय देत तो मंचापाशी आला.  त्याने तिच्या खांद्यावरची पर्स काढून आपल्या खांद्यावर घेतली.

"दीड महिना, विनू?" तो म्हणाला. "मी काय मेलो होतो का?"

तिला रडू फुटले. इतके दिवस आवरलेले सगळे तिथेच, माइकसमोर बाहेर आले.

"चल, इंदूरला जाऊ. आत्ताच."

"थांबा, मला पण घ्या," वासंतीकाकू दारात येऊन उभ्या होत्या. "मागच्या दारानं जाऊन पाहिलं. आता पुढच्या दारानं जाते."

इंदूरला वासंतीकाकूंचे काही निघाले नाही. विनोदिनीचे निघाले. गाठ कर्करोगाची होती, पण लहान होती. वेळेत आलात, असे डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झाले, पुढचे उपचार सुरू झाले. केस गेले तेव्हा आल्हादने तिच्यासाठी चार सुती रुमाल आणले, चारही एकाच रंगाचे, आणि त्यावरून दोघे पुष्कळ दिवसांनी पोटभर हसले.

भेटायला सगळा समाज लोटला. बायका सफरचंदे घेऊन येत आणि "आता ऑपरेशन कसं आहे?" म्हणून विचारत, कशाचे ते विचारत नसत. महिन्याभराने जयूताई आल्या.

"देवानंच वाचवलं गं. तू धाडस केलंस म्हणून, नाहीतर आम्ही पन्नास जणी टेन्शनमध्येच होतो. कोण असेल, कोण असेल. आता कळलं, एकच होती. निघाली. सगळ्या जणी सुटलो."

"ताई, तुम्ही परत फिल्म काढली का?"

"अगं, आता कशाला?" जयूताई मनापासून आश्चर्याने म्हणाल्या. "एकच होती नं?"

विनोदिनीने त्यांचा हात धरून पुन्हा सगळे समजावले. जयूताईंनी सगळे ऐकले, हो हो म्हटले, सफरचंद कापून तिला भरवले आणि गेल्या. त्यानंतर तिने पन्नासही जणींना फोन केले. पन्नासही जणी सारखेच बोलल्या, आणि पुढच्या महिन्यात नक्की जाऊ म्हणाल्या.

बापूंकडे सध्या एक सोनेरी चौकट शिल्लक आहे. विनोदिनीचे नाव त्यांनी पट्टी धरून नीट खोडून जागा कोरी केली आहे आणि पात्र व्यक्तीच्या ते शोधात आहेत. पात्रतेची अट एकच: खरी तपासणी झालेली नसावी. वाचकांपैकी कोणाची आई, बायको, बहीण, किंवा वाचणाऱ्या आपण स्वतः या अटीत बसत असाल, तर अर्ज करण्याची तसदी घेऊ नये. आपले नाव त्या कोऱ्या जागी आपणच केव्हाचे लिहून ठेवले आहे, आणि गाठ निघाली ती विनोदिनीला, आपल्याला नाही, हे वाचून सुटल्यासारखे वाटले तेव्हाच, आत्ता, खाली सहीसुद्धा केली आहे.